तेहतिसाव्या दिवसाचं पत्र

केबल सापडली तेव्हा कुणाचा जीव गेला नाही, याचाच सगळ्यांना इतका आनंद झाला की पुढचं काही कुणाला सुचलंच नाही.

रुग्णालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत लहान मुलांसाठी चार मजली नवी इमारत उभी राहायची होती. पायाची खोदाई सुरू होऊन अकरा दिवस झाले होते. मशीनवाल्याला मातीत लाल विटांची एक सरळ रांग दिसली. जमिनीखाली अशी रांग कुणी उगाच लावत नाही, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. त्यानं मशीन जागच्या जागी बंद केलं, खाली उतरला आणि हातानं दोन विटा उचलून बघितल्या. खाली मनगटाएवढी जाड केबल होती. जुन्या इमारतीतल्या ऑपरेशन थिएटरची वीज त्याच केबलमधून जायची. करारासोबत मिळालेल्या नकाशात त्या जागी काहीच नव्हतं. नुसतं गवत दाखवलं होतं.

दादानं मशीनवाल्याला सगळ्यांसमोर मिठी मारली. "अर्धं मिनिट उशीर केला असतास," तो म्हणाला, "तर तू गेला असतास, आणि वर टेबलावर कोण होतं देव जाणे!"

कंत्राट दादाचं होतं. वय छप्पन्न, आवाज मोठा, रागावला तरी दहा मिनिटांत विसरणारा. साइटवर मुकादमापासून भिंतींवर पाणी मारणाऱ्या बाईपर्यंत सगळेच त्याला दादा म्हणत, कारण त्याची सख्खी बहीण ऑफिसातून दिवसभर तीच हाक मारत असे. ती बहीण म्हणजे छोटी. चव्वेचाळिसाव्या वर्षीही ती छोटीच होती. तीही इंजिनिअर. कामाचं वेळापत्रक आखणं, कुठलं काम किती मागे पडलंय ते बघणं आणि पत्रव्यवहार सांभाळणं हे तिच्याकडे होतं. दादाला काँक्रीटच्या नुसत्या रंगावरून त्यात पाणी किती जास्त झालंय ते सांगता येई, पण चार ओळींचं पत्र लिहायला बसला की त्याचे कान लाल होत. म्हणून पत्रांवर सही करायचा लेखी अधिकारही त्यानं छोटीला देऊन टाकला होता.

संध्याकाळी प्रोफेसर आला. तो शिकवत कुठंच नव्हता. रुग्णालयाच्या विश्वस्तांनी कामावर देखरेख करायला नेमलेला तो सल्लागार इंजिनिअर होता. पण बोलायला लागला की समोर वर्ग भरल्यासारखा बोले, म्हणून कॉलेजात पडलेलं नाव तसंच राहिलं. वसतिगृहात तीन वर्षं तो आणि दादा एकाच खोलीत होते.

खड्ड्याच्या काठावर उभा राहून त्यानं बराच वेळ केबलकडे पाहिलं.

"ही हलवायला वीज कंपनीची परवानगी लागणार, पर्यायी लाइन लागणार," तो म्हणाला. "दोन महिने धर."

"आणि माझी मुदत?"

"मुदतवाढीचं मी बघतो रे. तुझी काय चूक त्यात? फक्त आत्ता पत्रबित्र काढू नकोस. महिन्याभरात विश्वस्तांची बैठक आहे. त्यांच्यातले दोघं आधीच म्हणताहेत की हे काम नकोच होतं. आत्ता तुझं पत्र गेलं तर त्यांना आयतं कोलीत मिळेल. बैठक होऊन जाऊ दे, मग दे."

दादानं मान डोलावली. छोटी बाजूलाच उभी होती. तिला करारातलं कलम पाठ होतं. कामाला उशीर होईल असं काही घडलं, तर ते कळल्यापासून अठ्ठावीस दिवसांत कंत्राटदारानं लेखी कळवायचं. न कळवल्यास मुदतवाढ नाही, जादा खर्चही नाही. पण पहिल्याच दिवशी ते बोलून दाखवणं तिला बरं वाटलं नाही.

केबल सापडल्यापासून नवव्या दिवशी तिनं पत्र तयार केलं. पाऊण पान. केबल कुठं सापडली, कधी सापडली, कुठलं काम थांबलं, कुठल्या कलमाखाली हे कळवत आहोत, हिशेब मागाहून पाठवू. सोबत फोटो जोडले. दादानं चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"झकास लिहिलंयस," तो म्हणाला आणि पत्र टेबलाच्या खणात ठेवलं. "थांब जरा. त्याची बैठक होऊ दे."

"दादा, मी तिखट काही लिहिलेलं नाही. नुसतं कळवतोय आपण."

"तुझ्या-माझ्या दृष्टीनं नुसतं कळवणं. त्या लोकांच्या दृष्टीनं ती भांडणाची पहिली पायरी. अगं, रोज ज्याचं तोंड बघायचंय त्याला कलमं दाखवायची का?"

दिवस जात राहिले. इमारतीची दुसरी बाजू आधी सुरू करता येईल असं प्रोफेसरनं सुचवलं होतं, पण तिथून रुग्णवाहिका जात. तो रस्ता अडवायला रुग्णालय तयार नव्हतं. भाड्यानं आणलेली क्रेन जागेवर उभी होती. सुतार सकाळी येत, सावलीत बसत, पाच वाजता हात-पाय धुऊन जात. चौघं दुसऱ्या साइटवर निघून गेले. मुकादम येऊन म्हणाला, "दादा, हाताला काम नसलं की माणसं भांडतात. काल एका टोपीवरून डोकी फुटायची राहिली."

सव्विसाव्या दिवशी छोटी दादाच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "परवा अठ्ठावीस होतात."

दादानं फोन लावला आणि तिलाही ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"अरे, ही छोटी कलमाचं म्हणतेय. परवा मुदत संपते."

"कलम कोण काढून बसलंय?" पलीकडून हसण्याचा आवाज आला. "सहा दिवसांवर बैठक आलीय. एवढे दिवस दम धरलास आणि आता पाणी फिरवतोस? माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

या प्रश्नाला दादाकडे एकच उत्तर होतं. ते त्यानं दिलं. फोन ठेवल्यावर तो छोटीकडे बघून म्हणाला, "ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. ती आपल्या जागेवर जाऊन बसली. तिच्या संगणकात पत्र होतं, शिक्का तिच्याच टेबलावर होता, आणि रुग्णालयाची कचेरी चालत पाच मिनिटांवर होती.

बत्तिसाव्या दिवशी बैठक झाली. काम पुढं चालू ठेवायचं ठरलं. तेहतिसाव्या दिवशी सकाळी प्रोफेसरनं स्वतः फोन करून सांगितलं, "आता द्या पत्र." छोटीनं तारीख बदलली, पत्र नेऊन दिलं, पोच घेतली. पाच दिवस उशीर झाला होता.

केबल हलायला दोन महिने नव्हे, एकशे त्रेचाळीस दिवस लागले. त्यानंतर दादानं जिवाचं रान केलं. दोन पाळ्यांत काम लावलं, स्लॅबमागून स्लॅब टाकले, तरी नऊ दिवसांपेक्षा जास्त काही भरून निघाले नाहीत. इमारत एकशे चौतीस दिवस उशिरा पूर्ण झाली. बांधकाम मात्र असं होतं की प्रोफेसरनं भिंतीला ओळंबा लावून बघितला आणि एकही खोट न काढता गुंडाळून ठेवला.

तोवर विश्वस्त बदलले होते. नव्या मंडळींनी करार उघडला. एकशे चौतीस दिवसांचा रोजचा दंड अखेरच्या बिलातून कापायचं ठरवलं. छोटीनं मुदतवाढीची मागणी आणि बसून राहिलेल्या क्रेनचा, माणसांचा, लांबलेल्या कामाचा खर्च असा दावा केला. दोनशे दहा पानं. प्रत्येक दिवसाची साइट डायरी, प्रत्येक फोटोवर तारीख. उत्तर एका पानात आलं. 'सूचना विहित मुदतीत न मिळाल्यानं दाव्याचा विचार करता येत नाही.' खाली सही प्रोफेसरची होती.

दादानं ते पत्र हातात धरून ठेवलं. "त्याला करावी लागली असणार," तो म्हणाला. "नोकरी आहे त्याची."

"आणि आपलं काय आहे?" वहिनीनं विचारलं. वहिनी एरवी ऑफिसच्या भानगडीत पडत नसे. पण राहत्या घरावर कर्ज काढताना तिचीही सही लागली होती.

प्रकरण लवादाकडे गेलं. दोन्ही बाजूंनी मिळून एक निवृत्त न्यायाधीश नेमले. दादाच्या वकिलानं कागद चाळले आणि एकाच ठिकाणी बोट ठेवलं.

"बाकी सगळं पक्कं आहे. हे पाच दिवस सोडले तर." मग पेनचं टोपण लावत-काढत तो म्हणाला, "नवव्या दिवशी पत्र तयार होतं म्हणता. जावक रजिस्टर तुमच्याकडेच असतं ना? बघा एकदा. कधीकधी नोंद असते, आपल्याच लक्षात नसते."

छोटीनं घरी येऊन रजिस्टर काढलं. त्या तारखेला दोन नोंदी होत्या. सिमेंटवाल्याला एक पत्र, वीज कंपनीला एक. खाली एक ओळ कोरी होती. तिघंही जेवणाच्या टेबलाशी बसून त्या कोऱ्या ओळीकडे बघत राहिले.

"लिही ना," वहिनी हळूच म्हणाली. "खोटं कुठं आहे? पत्र तर तू त्याच दिवशी लिहिलं होतंस."

"लिहिलं होतं, वहिनी. दिलं नव्हतं."

"एका ओळीचा प्रश्न आहे गं."

छोटी दादाकडे बघत होती. त्यानं 'लिही' म्हटलं असतं तर तिनं काय केलं असतं हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही.

"नको," दादा म्हणाला. "पत्र मिळालं का म्हणून प्रोफेसरला विचारतील. माझ्यासाठी त्यानं खोटं बोलायचं, नाहीतर मला खोटं पाडायचं. असा कात्रीत कशाला धरायचा त्याला?"

वहिनीनं रजिस्टर मिटलं आणि ताटं उचलायला लागली. "त्याची काळजी करणारे तुम्ही आहातच," ती म्हणाली. "आपली करायला कुणी मिळतं का ते बघायला हवं."

सुनावणी भाड्याच्या एका बैठकीच्या खोलीत झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, हाडं गारठवणारा एसी. साक्षीला पहिली छोटी होती. विश्वस्तांची वकील तरुण बाई होती, आवाज मऊ, वागणं सभ्य. सुरुवातीलाच तिनं छोटीचा ग्लास भरून तिच्यापुढं सरकवला.

"हे कलम तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"पत्र नवव्या दिवशी तयार होतं असं तुम्ही तुमच्या निवेदनात म्हटलंय. प्रामाणिकपणे म्हटलंय. मग ते का दिलं नाही?"

"देऊ नका असं सल्लागारांनी सांगितलं होतं. तोंडी."

"या कामात तुमच्या सहीनं एकूण बासष्ट पत्रं गेली आहेत. प्रत्येक वेळी तुम्ही भावाला विचारत होता?"

"नाही. नेहमीची पत्रं मीच पाठवायचे."

"म्हणजे सहीचा अधिकार तुम्हाला होता."

"होता."

"मग नवव्या दिवशी, किंवा अठ्ठाविसाव्या दिवशीसुद्धा, तुम्हाला ते पत्र देता आलं असतं. कुणाला न विचारता."

छोटी घोटभर पाणी प्यायली. "हो," ती म्हणाली. "आलं असतं."

"आभारी आहे," वकीलबाई म्हणाली, आणि तिनं खरंच आभार मानल्यासारखी मान लववली.

प्रोफेसरला साक्षीला बोलवू नका, असं दादाच्या वकिलानं परोपरीनं सांगितलं होतं. तो कानांवर हात ठेवेल, उरलंसुरलंही हातचं जाईल. छोटीलाही तसंच वाटत होतं. दादा मात्र हटून बसला. "तो खोटं बोलणार नाही. मी तीन वर्षं त्याच्या खोलीत काढलीत."

दुसऱ्या दिवशी प्रोफेसर आला. केस विरळ झाले होते. खुर्चीत बसताना त्यानं दादाकडे बघितलं नाही. दादाच्या वकिलानं विचारलं, "पत्र आत्ता देऊ नका, असं तुम्ही कंत्राटदाराला सांगितलं होतं का?"

"सांगितलं होतं," प्रोफेसर म्हणाला. "दोनदा. एकदा खड्ड्याशी आणि एकदा फोनवर. मुदतवाढीचं मी बघतो, असंही म्हटलं होतं. त्यांचा दोष नाही. माझा आहे."

विश्वस्तांचा कारभारी मागं बसला होता. त्यानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. छोटीच्या जिवात जीव आला. इतके महिने ज्याला ती मनातल्या मनात शिव्या देत होती, तो माणूस भरल्या खोलीत स्वतःच्याच पोटावर पाय देत होता. दादा सरळ बसला. 'बघितलंस?' असं त्याचा चेहरा म्हणत होता.

वकीलबाई उठली. तिनं फक्त दोन प्रश्न विचारले.

"करारातली अट माफ करण्याचा अधिकार तुम्हाला होता का?"

"नाही. तो विश्वस्तांना होता, तोही लेखी."

"हे कंत्राटदारांना माहीत होतं का?"

प्रोफेसरनं पहिल्यांदा दादाकडे बघितलं. खोटं बोलायचं नाही म्हटलं की ते सगळीकडेच बोलता येत नाही. "करारात लिहिलंय," तो म्हणाला. "आणि त्यांनी करारावर सही केली आहे."

बाहेर जिन्याशी दोघं मित्र समोरासमोर आले. प्रोफेसर म्हणाला, "मला वाटलं होतं रे, की एवढं पुरेल." दादानं त्याच्या दंडावर हात ठेवला. महिना संपायच्या आत विश्वस्तांनी प्रोफेसरचं काम काढून घेतलं.

निवाडा चार महिन्यांनी आला. उशीर विश्वस्तांच्या बाजूनंच झाला, नकाशा चुकीचा होता, कंत्राटदारानं कामात कसूर केली नाही, सल्लागार तसं बोलला हेही खरं. हे सगळं लवादानं मान्य केलं होतं. पान उलटावं तशी छोटीची आशा वाढत गेली. एकोणपन्नासाव्या पानावर 'तथापि' आलं. अट स्पष्ट आहे, ती सैल करण्याचा अधिकार सल्लागाराला नव्हता, सूचना पाच दिवस उशिरा दिली, ती वेळेत देणं शक्य होतं हे कंत्राटदाराच्याच साक्षीदारानं कबूल केलं. मुदतवाढ शून्य, दंड कायम. दावा नामंजूर. शेवटी एक वाक्य होतं: 'कंत्राटदाराविषयी सहानुभूती वाटल्यावाचून राहत नाही.'

"तेवढं वाक्य कापून फ्रेम करून लावू या," वहिनी म्हणाली. "भिंत असेपर्यंत."

कोर्टात जायला वकिलाची फी नव्हती, आणि जाऊनही फारसं काही होणार नाही हे त्याच वकिलानं सांगितलं. दादानं फर्म बंद करायचं ठरवलं. हे त्यानं आरडाओरडा न करता ठरवलं, आणि त्याचीच छोटीला जास्त भीती वाटली.

स्लॅब ओतताना खाली लावायच्या सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा विकत घ्यायला एक व्यापारी ट्रक घेऊन आला. मुकादम आणि त्याची दोन माणसं मजुरी न घेता प्लेटा चढवत होती. दादा आणि छोटी गोदामाच्या दाराशी उभे होते. इतके दिवस छोटी एकच वाक्य घोळवत होती. आजवर तिनं विषय काढला की दादा म्हणे, "तुझी काय चूक? मीच थांब म्हणालो." आणि विषय तिथंच मिटे. मिटे म्हणजे त्याच्यापुरता.

"दादा," ती म्हणाली, "मी ते पत्र द्यायला हवं होतं. तुला न सांगता. तू चिडला असतास, दहा मिनिटांत विसरला असतास."

एक प्लेट दुसरीवर आपटली. व्यापारी मोठ्यानं मोजत होता. दादा तिकडेच बघत होता.

"हो," तो म्हणाला. "द्यायला हवं होतंस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. कुणीतरी वेळ विचारावी आणि त्यानं घड्याळ बघून सांगावी, तसा तो बोलला. छोटीला वाटलं होतं, हे एकदा त्याच्या तोंडून ऐकलं की सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. ती आत गेली आणि रिकाम्या मांडणीवरची धूळ उगाच फडक्यानं पुसत बसली. ट्रक निघून गेला तरी बाहेर आली नाही.

घर विकलं गेलं. दादा आणि वहिनी शहराच्या टोकाला दोन खोल्यांत गेले, छोटी दुसऱ्या गावी एका रस्त्याच्या कामावर नोकरीला लागली. मुकादम आता छोटी-मोठी कामं स्वतःच घेतो. त्यानंच दादाला देखरेखीला ठेवलंय. दादा साइटवर आला की मुकादम अजूनही खुर्चीतून उठतो. "बस रे, तू मालक आहेस," असं दादानं पुष्कळदा सांगून बघितलं. मग सांगणं सोडून दिलं.

छोटी रविवारी फोन करते. फोन बहुतेक वेळा वहिनीच घेते. दादाचे डोळे तपासायचेत, गुडघा दुखतो, तिकडे पाणी एक दिवसाआड येतं. मग वहिनी म्हणते, "देते हं त्यांना." दादा येतो. "कशी आहेस?" विचारतो. ती बरी आहे म्हणते. तो "बरं" म्हणतो. दोघंही थोडा वेळ फोन धरून उभे राहतात, आणि मग त्यांच्यापैकी कुणीतरी ठेवतं.